पूर्वीचं पीक: बॅटरी

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही ते घर सोडून दिलं. पण आज मंगळवार आहे, सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं झालीयत, त्यामुळे असं काहीही अजून घडलेलं नाही. घर आमचंच आहे. गेल्या शुक्रवारी आम्ही सह्या केल्या, आणि इथल्या कायद्याप्रमाणे सही केल्यावर डोकं थंड करायला पाच कामाचे दिवस मिळतात. त्या पाच दिवसांत आपण काय करून बसलो ते माणसाच्या लक्षात येतं आणि तो 'नको' म्हणू शकतो. माझं डोकं थंडच आहे. ऑगस्ट आहे, म्हणजे इथला ऐन हिवाळा, लॉकडाउनचा सातवा आठवडा आहे, पेंडल हिलच्या आमच्या भाड्याच्या युनिटमध्ये हीटर एकच आहे आणि तो मयूराच्या पायांकडे तोंड करून बसलाय. टीव्हीवर आजचे आकडे सांगतायत. मयूराला पाचवा महिना चालू आहे. आकडे ऐकताना ती पोटावर हात ठेवते, आतल्या माणसाच्या कानावर जाऊ नयेत म्हणून. मी जेवणाच्या टेबलावर, म्हणजे ऑफिसात, आहे. माझं काम सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचं. आत्ता मात्र मी ऑफिसच्या वेळात शेहेचाळीस पानांची एक पीडीएफ उघडून बसलोय. एकोणिसाव्या पानावर आमच्या होऊ घातलेल्या घराचा नकाशा आहे, मागच्या अंगणावर जांभळी जाळी मारलीय, आणि खाली लिहिलंय की १९५३ ते १९६८ या काळात इथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायची शेड होती, त्यामुळे मातीत शिसं असण्याची शक्यता 'उच्च'. मी ते वाचलं आणि पहिला विचार घराचा आलाच नाही. पहिला विचार आला तो अर्ध्या चमच्याचा.

"आज किती?" मी विचारलं. टीव्ही दोघांनी ऐकला तरी हे विचारायचं, असा आमचा रिवाज आहे.

"कालपेक्षा जास्त. तुझा चेहरा असा का झालाय?"

"सर्व्हर डाउन आहे."

"छान. मग भांडी घास."

मी भांडी घासायला लागलो. नळाचं पाणी गरम व्हायला वेळ लागतो, तोवर बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना बरं वाटत असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खरं तर हा रिपोर्ट मागवायचं कुणालाच काही कारण नव्हतं. तो बाबांमुळे आला. बाबा फलटण तालुक्यात एकतीस वर्षं तलाठी होते आणि रिटायर झाल्यापासून त्यांना जगात कुठेही कुणी जमीन घेतंय म्हटलं की झोप लागत नाही. घर पसंत पडलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर त्यांना फोटो दाखवले. तीन बेडरूम, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. पाच किलोमीटरच्या आत, कारण त्याच्या बाहेरचं घर बघायला जाणं गुन्हा ठरला असता. बाबांनी किचन बघितलं नाही, बाथरूम बघितलं नाही. म्हणाले, "सातबारा बघितलास का?"

"बाबा, इथे सातबारा नसतो. इथे दहा-सात असतो." हे मी गंमत म्हणून नाही सांगितलं. कौन्सिलचा जो दाखला मिळतो तो कायद्याच्या दहा पूर्णांक सात कलमाखाली मिळतो आणि सगळे त्याला तसंच म्हणतात.

बाबांनी बहुतेक मनातल्या मनात बेरीज केली. "दोन कमी आहेत," ते म्हणाले.

मी त्यांना दहा-सात पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "चंदू, हा नुसता सात आहे. मालक कोण, रस्ता कुठून, काय बांधता येतं न् काय नाही. बारा कुठाय? बारात पीक असतंय. आधी काय पिकत होतं तिथं, ते विचार."

"बाबा, तिथे घर आहे. त्रेचाळीस वर्षं घर आहे."

"आणि घराच्या आधी?"

म्हणून मी अंजूला फोन केला. अंजू आमची कन्व्हेयन्सर, म्हणजे घराची कागदपत्रं बघणारी. तिचं ऑफिस स्टेशनजवळ मसाल्याच्या दुकानावर आहे आणि तिच्याकडून आलेल्या प्रत्येक कागदाला हिंगाचा वास असतो. "चंद्रहास जी," ती म्हणाली, "दस-सात में सब नो है. नो, नो, नो, नो. इतने नो तो मेरी शादी में भी नहीं थे. ये एन्व्हायर्नमेंट वाला सर्च कोई नहीं मंगवाता, यार, पुरानी हिस्टरी निकालता है." मी म्हणालो, "मेरे पिताजी तलाठी थे." ती मऊ आवाजात "ओह, सो सॉरी टू हिअर दॅट" म्हणाली आणि तिने सर्च ऑर्डर केला.

आता अर्धा चमचा. शनिवारी, म्हणजे सह्यांच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही पडद्यांची मापं घ्यायला गेलो होतो. एजंट प्रताप, जो स्वतःला पीट म्हणवतो, दारात दीड मीटरवर उभा होता. क्यूआर कोड स्कॅन करा, हात सॅनिटाइज करा, कशालाही हात लावू नका, पंधरा मिनिटं. कशालाही हात न लावता पडद्यांची मापं कशी घ्यायची हे मी त्याला विचारलं तर म्हणाला, "नो वरीज मेट, आय ट्रस्ट यू." मी खिडकीपाशी टेप धरून उभा होतो, एकशे ऐंशी की एकशे ब्याऐंशी हे बघत. काचेतून मागचं अंगण दिसत होतं. मयूरा लिंबाच्या झाडाखाली उकिडवी बसली. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि ऊन तिरकं आलेलं. तिने इकडेतिकडे बघितलं, मास्क हनुवटीवर ओढला, आणि मला धक्का बसला तो याचाच, की ही बाहेर मास्क काढतेय, दंड होईल, वर पोलिसांचं हेलिकॉप्टरसुद्धा फिरत होतं. मग तिने दोन बोटांनी माती उकरली. चिमूट नाही, चिमटीपेक्षा जास्त, सुपारीएवढा ओला गोळा. तो तिने तोंडात घातला. डोळे मिटले. मी एकशे ब्याऐंशी लिहून घेतलं. तिने तो गोळा चघळला नाही, जिभेवर नुसता ठेवला असावा, कारण तिचे गाल हलत नव्हते, फक्त गळ्याशी काहीतरी सावकाश खाली गेलेलं दिसलं. मग तिने जाकिटाला बोटं पुसली, मास्क वर घेतला, आणि घरात येऊन म्हणाली, "माप घेतलंस?" मी म्हणालो, "हो." गाडीत आम्ही पडद्यांच्या रंगावर बोललो.

ही गोष्ट मी पाहिली हे तिला माहीत नाही. ती तिची एकटीची गोष्ट आहे. आणि तशी तिला दुसरी काही मिळालेली नाही, हेही मला माहीत आहे. तिसऱ्या महिन्यात तिला कवठ हवं होतं. पेंडल हिलच्या पाचही दुकानांत मी कवठ मागितलं. एकाने मला मूर्ख समजून बेलफळाचं सरबत दिलं आणि मी खरंच मूर्खासारखा ते घेऊन आलो. मग कैरी हवी झाली. कैरी मिळाली, फ्रोझन, चिरलेली, ती वितळल्यावर मयूराने एक फोड तोंडात घालून परत बशीत ठेवली आणि म्हणाली, "ही मेलेली आहे." पाटीवरची पेन्सिल हवी झाली, ती तर मागवायची कुठून? तिची आई जूनमध्ये येणार होती, पेन्सिलींचा डबा, कवठं, डोहाळजेवणाची हिरवी साडी, सगळं घेऊन. तर सीमाच बंद. आई फोनवर रोज सांगतात, "जावईबापू, डोहाळे पुरवा हो, नाहीतर बाळाचे कान फुटतात." मी रोज हो म्हणतो. मला जावईबापू म्हणणारं जगात एकच माणूस आहे आणि त्याला मी दहा हजार किलोमीटरवरून रोज खोटं सांगतो. त्यात मयूरा चाइल्डकेअरमध्ये शिकवते. सुट्टी घेईपर्यंत, म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत, दिवसातून चाळीस वेळा ती सँडपिटमधल्या पोरांच्या तोंडातून वाळू काढत असायची. "दॅट्स नॉट फूड, मेट." हे वाक्य ती झोपेतही म्हणते. त्या बाईने, आजूबाजूला कुणी नाही बघून, माती खाल्ली. एवढ्या महिन्यांत पुरवला गेलेला हा एकच डोहाळा, आणि तोसुद्धा तिने स्वतःच पुरवलेला. आता मी जाऊन तिला काय सांगू? की तेवढंही परत कर?

दुपारी मी कामाला बसलो. आमच्या कामात एक सोय असते. एखादा दोष कुणी कळवला आणि तो आपल्याला पुन्हा घडवून दाखवता आला नाही, की तसा शेरा मारून प्रकरण बंद करता येतं. दोष होता की नाही असा प्रश्नच उरत नाही. त्या दुपारी मी असे चार दोष बंद केले आणि प्रत्येक वेळी मला बोटांवर ओली माती लागल्यासारखी वाटली. मी नववीत होतो तेव्हा एकदा बाबांबरोबर पीकपाहणीला गेलो होतो. पाहणी म्हणजे बाबा चावडीत बसायचे, कोतवाल उभा राहायचा, बाबा गट नंबर वाचायचे, कोतवाल म्हणायचा ज्वारी, बाबा लिहायचे ज्वारी. शेतात कुणी जायचंच नाही. मी विचारलं, बाबा, बघायला का जात नाही? ते म्हणाले, बघायला गेलं की लिहावं लागतं. तेव्हा मला तो आळस वाटला होता. आता ओट्यावर निथळत ठेवलेल्या भांड्यांकडे बघताना वाटलं, नाही, आळस नव्हता. खिडकीशी टेप धरून मी काय वेगळं केलं? एकशे ब्याऐंशी लिहिलं. ज्वारी.

चार वाजता बाबांचा व्हिडिओ कॉल. भारतात साडेअकरा, म्हणजे त्यांची जेवणाआधीची तपासणीची वेळ.

"आला का बारा?"

"आला."

"काय पीक?"

"आधी संत्र्या-लिंबांची बाग होती. मग पंधरा वर्षं बॅटरी."

"बॅटरी." बाबांनी शब्द तोंडात फिरवला. "बागायत की जिरायत?"

"बाबा, कारखाना. बॅटऱ्या फोडायचे. मातीत शिसं असू शकतं. वरची माती खणून काढून टाकावी लागेल असं लिहिलंय."

मागे आईच्या कुकरची शिट्टी झाली. "मग काढू की," ते म्हणाले. "माती काय, काढता येतीय. मुरूम टाकायचा, वर पोयटा. तू एवढा घाबरलायस कशाला? अजून तर तिथलं कुणी काही खाल्लेलं नाही."

मी हो म्हणालो. मग म्हणालो, "बाबा, सिग्नल जातोय." सिग्नल अगदी ठणठणीत होता, त्यांच्या कपाळावरचा डाससुद्धा मला दिसत होता.

आम्हाला दिवसातून एक तास व्यायामासाठी बाहेर पडायची परवानगी आहे. पाच वाजता आम्ही पडतो. रस्त्यावर सगळे भारतीय, सगळे मास्क लावून, सगळे जोडीने, एकमेकांना बघून फुटपाथ बदलणारे. लहानपणी शिवाशिवी खेळायचो, तसं. मयूरा कोपऱ्यावरच्या बागेपाशी थांबली. कुणीतरी झाडांना पाणी दिलं होतं. ती वास घेत होती, मास्कमधून जेवढा येईल तेवढा, आणि मला एकदम कळलं की ती वास घेत नाहीये, भुकेली आहे.

"मी शनिवारी बघितलं," मी म्हणालो.

ती वळली नाही. "काय?"

"खिडकीतून. तू लिंबाखाली."

कोपऱ्यावरून एक आजोबा आमच्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मयूराचे फक्त डोळे दिसत होते, आणि अर्ध्या चेहऱ्यावरून माणूस रागावलंय की लाजलंय ते कळत नाही, हे दीड वर्षात मला पुष्कळदा जाणवलं होतं, पण त्याचा एवढा त्रास पूर्वी कधी झाला नव्हता.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"मी माप घेत होतो."

"चंद्रहास."

"मला वाटलं, असू दे. तुझं तुला एक तरी मिळालं."

तिच्या डोळ्यांखालचा मास्क जरा हलला, म्हणजे आत हसू असावं. "गोड होती रे," ती म्हणाली. "म्हणजे साखरेसारखी नाही. पण शेवटी जिभेवर गोड. तशी माती मी कधीच खाल्ली नव्हती."

शिसं गोड लागतं. हे पीडीएफच्या एकतिसाव्या पानावर आहे, लहान मुलांच्या परिच्छेदात. मी ते पान दुपारी सहा वेळा वाचलं होतं. माझे हात खिशात होते आणि तिथल्या तिथे त्यांना काय करावं ते सुचेना. मी तिला सगळं सांगितलं: शेड, पंधरा वर्षं, जांभळी जाळी. सांगताना मी 'शक्यता' हा शब्द फार वेळा वापरला. ती ऐकत राहिली. पूर्ण झाल्यावर म्हणाली, "तुला सकाळी अकरालाच कळलं होतं."

"अकरा वाजून चार मिनिटांनी."

"आणि तू भांडी घासलीस."

"तूच म्हणालीस."

तिने मला मारलं. म्हणजे खांद्यावर, कोपराने, पण नेमकं. मग माझाच हात धरून घराकडे चालायला लागली, इतकी भरभर की अजून एक्केचाळीस मिनिटं शिल्लक असलेली परवानगी तशीच वाया गेली.

डॉक्टरबाईंनी फोनवर सगळं शांतपणे ऐकलं. "हाउ मच सॉइल?" त्यांनी विचारलं. मयूरा म्हणाली, "हाफ अ टीस्पून." मी म्हणालो, "सुपारीएवढा." डॉक्टरबाईंनी सुपारी म्हणजे काय ते विचारलं आणि पाच मिनिटं मला सुपारी समजावून द्यावी लागली, त्यात त्यांना वाटलं ती मयूराने खाल्ली, म्हणून तिचीही नोंद झाली. मग त्या म्हणाल्या, पोटुशी बाईला अशी भूक लागते, बऱ्याचदा रक्तात लोह कमी असतं, रक्त तपासू, लोहाबरोबर शिसंही, एकदाच खाल्लं असेल तर बहुधा काही नाही. बहुधा. बुधवारी सकाळी रक्त दिलं. बुधवारचा उरलेला दिवस मला आठवतो तो असा: हीटरची तार लालभडक, मयूरा सोफ्यावर, मी टेबलावर, आणि मध्ये चटईवर उन्हाचा चौकोन, तो आधी तिच्या पायांवर होता आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे येऊन संपला. आम्ही घराविषयी एकदाही बोललो नाही. प्रतापचा मेसेज आला, 'ऑल गुड फॉर फ्रायडे?' त्याला मी अंगठा पाठवला. अंगठ्याला काही अर्थ नसतो, हे त्याला कळत नव्हतं, हे एक बरं होतं.

गुरुवारी दुपारी निकाल आला. लोह कमी. शिसं: एका डेसिलीटरला दोन मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दॅट्स लव्हली. बेबी इज फाइन. नो मोअर गार्डन, ओके?" मयूरा म्हणाली, "ओके." फोन ठेवला आणि तिने सोफ्यावर डोकं मागे टाकून हसायला सुरुवात केली, आणि मी हसलो, आणि तासाभराने मी अगदी साध्या आवाजात म्हणालो, "मग घर घेऊया. बाबा म्हणतायत तसं, वरची माती काढून टाकू. अंगण सगळं काँक्रीट करून टाकू हवं तर."

"नको," ती म्हणाली.

"रिपोर्टमुळे? अगं, घर चांगलं आहे."

"घर चांगलंच आहे." ती हीटरकडे बघत होती. "पण तिथे मला परत खावीशी वाटेल. तू काँक्रीट केलंस तरी ती खाली आहे हे मला कळेल. मी नखाने उकरेन." आणि मग, अगदी आपण भाजीत मीठ घालायला विसरलो असं सांगावं तसं: "आत्तासुद्धा वाटतंय."

मी उठून स्टेशनजवळच्या दुकानातून घाईघाईत शेंगदाणे, चुरमुरे, भाजलेले चणे, सालासकट, जे जे कोरडं आणि मातीच्या रंगाचं मिळालं ते घेऊन आलो. तिने त्यातले चणे खाल्ले. चांगले आहेत म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली, ते मला कळलं. शुक्रवारी घर नको म्हणून कळवलं तेव्हा अंजूने विचारलं, कारण काय लिहू? मी म्हणालो, लिहायलाच हवं का? तर म्हणाली, नहीं जी, कोई नहीं पूछता. बाबांना मी सांगितलं की व्यवहार फिसकटला. ते म्हणाले, बरं झालं, लिंबाखालची जमीन तशीही खाष्ट असते.

पण तो निकालाचा कागद माझ्यापाशी आहे. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी तो उघडतो. दोनपेक्षा कमी. एक पूर्णांक नऊ हेही दोनपेक्षा कमीच. एक हेही. शून्य हेही. तिथे कुणीतरी यंत्रापाशी उभं होतं, आणि त्या यंत्राला दोनच्या खालचं दिसत नव्हतं, म्हणून त्याने चावडीत बसून लिहिलं. माझी त्याच्यावर तक्रार नाही. मीही तेच केलं असतं. तरीसुद्धा एका शनिवारी सकाळी मी बाबांच्या पद्धतीने, बाबांच्याच भाषेत, कारण अर्जासाठी दुसरी भाषा मला येत नाही, प्रयोगशाळेला एक अर्ज लिहिला आणि त्यांच्या 'तुमचा अभिप्राय कळवा' या पेजवर टाकला. तो खाली देतो.

प्रति,
मा. प्रमुख, रक्त तपासणी विभाग.

विषय: अहवालातील नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,
अर्जदाराच्या पत्नीच्या रक्तातील शिशाबाबत आपण 'दोनपेक्षा कमी' अशी नोंद घेतली आहे. आपल्या नोंदीबद्दल अर्जदाराला पूर्ण आदर आहे. तथापि दोन आणि शून्य यांच्या दरम्यान काही जागा शिल्लक राहते, व सदर जागेत अर्जदाराचे अपत्य डिसेंबरपर्यंत राहावयाचे आहे. त्या जागेची प्रत्यक्ष पाहणी झाल्याचे अहवालावरून दिसून येत नाही. तरी उपरोक्त नोंद रद्द करून तिच्या जागी 'नाही' एवढाच एक शब्द लिहून त्यावर आपली सही व शिक्का देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.